मीठ, पेज आणि घड्याळ: गोव्यातल्या लांब सायकल राइडचं खाणं-पिणं

फेब्रुवारी संपत आला होता. फोंड्याहून पहाटे निघून मी आणि माझा चुलतभाऊ काणकोणच्या चावडीपर्यंत गेलो आणि लगेच परत फिरलो. बोरी पूल, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट असा रस्ता, जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर. परतीच्या वाटेवर घाट उतरून बाळ्ळीच्या अलीकडे पोचेपर्यंत माझं डोकं जड झालं होतं आणि मळमळत होतं. हँडल धरलेल्या बोटांकडे लक्ष गेलं तर ती सुजलेली, अंगठी फिरता फिरेना. मी समजलो, पाणी कमी पडलं. म्हणून थांबून आणखी एक बाटली रिकामी केली, आणि जास्तच वाईट वाटायला लागलं.

रस्त्याकडेला एक छोटा गाडा होता. तिथल्या आजींनी माझ्या कपाळावरचे, कानशिलांवरचे मिठाचे पांढरे ओघळ बघितले आणि म्हणाल्या, "उदक पुरो, पुता. पयलीं पेज जेव." त्यांनी स्वतःसाठी आणलेल्या डब्यातली उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीच्या तोराची एक फोड माझ्यापुढे ठेवली. तोर म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. जिभेवर ठेवली आणि कळलं की शरीर सकाळपासून हेच मागत होतं. अर्ध्या तासाने डोकं हलकं झालं.

त्या दिवशी मी पाणी कमी प्यायलो नव्हतो, उलट साडेपाच तासांत सहा लिटरच्या वर साधं पाणी पोटात गेलं होतं. मीठ मात्र जवळजवळ शून्य. पुढची काही वर्षं मी हे नीट समजून घेतलं, वजनकाटा वापरला, वहीत नोंदी केल्या. गोव्यात १०० किलोमीटर आणि त्याच्या पुढची राइड करू पाहणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं इथे देत आहे.

आधी इथली हवा समजून घ्या

घाटमाथ्यावरचे, पुण्याकडचे सायकलवाले मित्र हिवाळ्यात इथे आले की पहिल्याच दिवशी गोंधळतात. तापमान ३२ अंश, म्हणजे त्यांच्या लेखी फार नाही, पण दोन तासांत जर्सी पिळून काढता येते. घाम अंगाला थंड करतो तो वाळताना. आपल्याकडे हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, कोपरावरून टपटप गळतो. गळून गेलेला घाम काहीच थंडावा देत नाही. शरीर तेवढ्याच थंडाव्यासाठी आणखी घाम काढतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर मीठ जातं.

कोरड्या हवेतल्या माणसासाठी लिहिलेला "तासाला अर्धा लिटर" हा आकडा म्हणूनच इथे जानेवारीच्या पहाटे पुरतो, एप्रिलच्या नऊ वाजता नाही. घामाबरोबर लिटरमागे साधारण ५०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम जातं, काहींचं याहूनही जास्त. काळी जर्सी वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटत असतील, डोळ्यांत घाम गेल्यावर जळजळत असेल, तर तुमचा घाम खारट गटातला आहे असं धरून चाला.

पहिली पायरी: स्वतःचा घाम मोजा

ही पायरी सगळेच टाळतात आणि सगळ्यांत उपयोगी हीच आहे. लागतो तो फक्त घरातला वजनकाटा.

लघवी करून या, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मोजून भरलेली बाटली घ्या आणि नेहमीच्या वेगाने बरोबर एक तास सायकल चालवा. मध्ये लघवीला जाऊ नका. परत आल्यावर अंग टॉवेलने कोरडं करा, घामट कपडे काढून पुन्हा वजन करा. जितकं वजन घटलं, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर. समजा जाताना ६८.४ किलो, येताना ६७.६, आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तासाचा घाम १.३ लिटर.

माझे आकडे सांगतो: जानेवारीत सकाळी सातला तासाला ८०० मिलिलिटर, एप्रिलमध्ये सकाळी नऊला १.३ लिटर. माणूस तोच, सायकल तीच, रस्ताही तोच. म्हणून ही मोजणी वर्षातून निदान तीनदा करा: थंडीत, उन्हाळ्यात आणि पावसात.

गेलेलं सगळं पाणी जागच्या जागी भरून काढायचा अट्टहास करू नका. पोटालाही मर्यादा आहे. चालत्या सायकलवर तासाला ८०० मिलिलिटर ते एक लिटर यापलीकडे बहुतेकांच्या पोटात पाणी नुसतं डुचमळतं. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट चालते. ६८ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे १.३ लिटर. साडेपाच तासांच्या राइडमध्ये तासाला १.१ लिटर घाम धरला तर एकूण सहा लिटर, त्यातून १.३ वजा केले की पिण्यासाठी उरले ४.७, म्हणजे तासाला साधारण ८५० मिलिलिटर.

आणि एक रेघ कधीही ओलांडायची नाही: राइडनंतर वजन वाढलेलं दिसता कामा नये. वाढलं म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं आणि रक्तातलं सोडियम पातळ झालं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं निघालं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं. बाळ्ळीला माझी बोटं का सुजली असावीत, ते हे वाचल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसरी पायरी: बाटली घरी तयार करा

सायकलला दोन बाटल्या लावा. एकीत मिश्रण, दुसरीत साधं पाणी. साधं पाणी तोंड धुवायला, डोक्यावर ओतायला आणि गोड नकोसं झालं की प्यायला. ही दुसरी बाटली सोडू नका.

७५० मिलिलिटरच्या बाटलीचं माझं प्रमाण असं: साखर ३६ ग्रॅम (चहाचे सपाट नऊ चमचे), मीठ दीड ग्रॅम (चहाचा पाव चमचा) आणि एका लिंबाचा रस. साखरेचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं आणि सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या जवळ. चार ते आठ टक्के साखर पोटातून लवकर पुढे सरकते. त्याहून गोड झालं की ते पोटात बसून राहतं आणि मळमळ सुरू होते. बाजारातली शीतपेयं साधारण दहा-अकरा टक्के साखरेची असतात, त्यामुळे ती घ्यायची झालीच तर तेवढंच पाणी वर प्या.

लिंबाऐवजी कोकम वापरायचं असेल तर घरात दोन प्रकारच्या बाटल्या असतात हे विसरू नका. कोकम सरबताच्या पाकात साखर असते. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नसते आणि मीठ मात्र भरपूर. आगळ घालणार असाल तर वरचं मीठ आधी घालू नका. दोन चमचे आगळ, साखर, पाणी, मग चाखून बघा. चव समुद्राच्या पाण्यासारखी लागता कामा नये, पण मीठ आहे हे जिभेला कळलं पाहिजे.

मिठागरातलं जाडं मीठ घरी असेल तर चमच्याच्या मापाने फसगत होते. जाड खड्यांमध्ये हवा राहते, चमच्यात कमी मीठ बसतं. स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर एकदा मोजून घ्या आणि पुढे त्याच चमच्याने चला.

दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीसाठी साखर-मिठाचं कोरडं मिश्रण छोट्या पुड्यांत बांधून खिशात ठेवा. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी एक तरी सोबत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे मीठ सणसणीत, साखर थोडी. ती अडचणीच्या वेळचं औषध आहे, तेवढ्यावर राइड होत नाही. ओआरएससारख्या दिसणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवरचं बारीक अक्षर वाचा. पुष्कळदा त्यात मीठ नावालाच असतं.

रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

शहाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण गोव्यात प्रत्येक सायकलवाला शहाळ्याच्या भरवशावर असतो. शहाळं उत्तम आहे, ताजं आहे, पैसे माडवाल्याला मिळतात, मीही प्रत्येक राइडला एक पितो. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि घामातून मुख्यतः जातं ते सोडियम फारच कमी. साखरही एका केळ्याच्या निम्मीच, कधी तेवढीही नाही. म्हणून शहाळेवाल्याकडे थांबलात की खिशातली मिठाची चिमूट जिभेवर ठेवा, वर शहाळं प्या आणि आतलं कोवळं खोबरं खाऊन मगच निघा.

तिसरी पायरी: तासाला किती खायचं

शरीरात साखरेचा साठा असतो तो ग्लायकोजेनच्या रूपात. स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात सुमारे १००. जोरात चालवलं तर हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. मग पाय आहेत पण त्यांत जीव नाही, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, रडू येईल असं वाटणं. सायकलवाले याला बाँक होणं म्हणतात. एकदा झालं की लगेच खाऊनही सावरायला बराच वेळ जातो, म्हणून ते होऊच द्यायचं नाही.

दीड तासाच्या आतल्या राइडला वाटेत खाण्याची गरज नाही. दोन-अडीच तासांच्या पुढे गेलात की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. वेगाने दिवसभर चालवणारे, सराव केलेले लोक ९० ग्रॅमपर्यंत जातात. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं. फ्रुक्टोजला वेगळी वाट आहे, म्हणून दोन्ही मिळून जास्त पचतं. आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोजच. गुळाचंही जवळपास तसंच. महागड्या जेलच्या (राइडमध्ये चोखायच्या गोड लगद्याच्या) पुड्यांत जे असतं ते मुळात हेच. परदेशी पुड्या परवडत नाहीत म्हणून कोणी लांबच्या राइडला कचरू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझ्या साडेपाच तासांच्या राइडचा हिशेब: तासाला ५० ग्रॅम. मिश्रणाची बाटली दीड तासात संपवली की तासाला २४ ग्रॅम त्यातून मिळाले. उरलेले २५ चावून खायचे. मध्यम केळं २५ ग्रॅमच्या आसपास, साधा पाव वीस-पंचवीस ग्रॅम, उकडलेल्या बटाट्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीस. मग तासाला एक केळं किंवा एक पाव, इतकं सोपं आहे ते.

बटाट्यावर माझा विशेष जीव आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१९ मध्ये त्याच सायकलपटूंना एकदा जेल आणि एकदा बटाट्याचा लगदा देऊन पाहिलं, तर कामगिरी दोन्हींवर सारखीच झाली. रात्री लहान बटाटे मिठाच्या पाण्यात उकडा, साल काढा, पुन्हा थोडं मीठ भुरभुरा, पिशवीत भरून सकाळी जर्सीच्या मागच्या खिशात टाका. चौथ्या तासाला गोडाचा वीट येतो तेव्हा यांच्याइतकं चांगलं काही लागत नाही.

केळी घ्यायची तर साळदाटी किंवा रसबाळी, किंचित कडक असतानाच. पिकलेलं केळं खिशात दोन तासांत काला होतं. आणि घाटात थांबून केळं बाहेर काढू नका. माकडं सायकलच्या पिशवीत हात घालायला मागेपुढे बघत नाहीत. घाट चढायच्या आधी, गावातच खाऊन घ्या.

जत्रेतल्या खाज्याचा विचार फार कमी जण करतात. बेसनाच्या कांड्या, वर गूळ, आलं, तीळ. आपल्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घामट हवेत बिस्किटं मऊ पडतात, चॉकलेट वितळतं, चिक्की कागदाला चिकटते. खाजं मात्र दोन थरांच्या पिशवीत दिवसभर टिकतं. आल्यामुळे मळमळही कमी वाटते. कडक असतं म्हणून चढावर नको, सपाटीला हळूहळू चघळायचं.

टाळायचं ते: शेंगदाणे-काजू मुठीमुठीने (चरबी पचायला वेळ लागतो, दमलेल्या पोटाला ते नको), मिरची भजी, खूप खोबरं वाटून केलेलं काहीही. कोंड्याची पोळी घरी नाश्त्याला छान, पण राइडमध्ये कोंडा पोटाला त्रास देतो. वाटेत पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पांढरा उंडो (गोल पाव) किंवा साधा पाव घ्या.

घड्याळाला वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की दोन-तीन घोट आणि एक घास. पहिला गजर निघाल्यावर वीस मिनिटांनीच, भूक असो वा नसो. खाण्याला घड्याळ पाळा. पाण्याला मात्र वजनावरून काढलेला आकडा आणि तहान, दोन्हींचं ऐका. थंड सकाळी तहान नसेल तर उगाच ढोसू नका.

चौथी पायरी: गोव्याचं घड्याळ ओळखून थांबे ठरवा

इथला रस्ता नकाशावर सोपा दिसतो. दर चार-पाच किलोमीटरला गाव आहे, मग पाणी-खाणं मिळेलच, असं वाटतं. मिळतं, पण वेळेवर.

पहाटे साडेपाच-सहाला बाजारातली चहाची दुकानं उघडतात. पोदेर पोंय-पोंय करत फिरायला लागतो तो पाव सगळ्यांत ताजा. सात ते दहा ही सोन्याची वेळ. फोंडा, कुडचडे, केपें, डिचोली, साखळी, वाळपई, कुठल्याही बाजारातल्या छोट्या हॉटेलात भाजी-पाव मिळतो. पातळ भाजी आणि दोन पाव म्हणजे मीठ, पाणी, कर्बोदकं एका बशीत. यापेक्षा चांगला पहिला थांबा मला माहीत नाही. तेलाची तर्री जास्त असेल तर बाजूला करा, बटाट्याची सुकी भाजी मिळाली तर तीच घ्या. साखर घातलेला चहा घ्या. त्यातलं कॅफिनही उपयोगी पडतं.

दहा-साडेदहानंतर भाजी संपते. आणि एक वाजला की आतल्या गावांतली दुकानं बंद होतात, ती साडेतीन-चारशिवाय उघडत नाहीत. दुपारी दोनला नेत्रावळी किंवा सत्तरीच्या आतल्या वाटेवर रिकामी बाटली घेऊन फिरण्यासारखी वाईट गोष्ट नाही. लोक चांगले आहेत, कुठल्याही घराच्या व्हरांड्यात पाणी मागितलं तर मिळतं, कळशी भरून देतात. पण बेत त्या भरवशावर आखायचा नाही. साडेबाराच्या आत दोन्ही बाटल्या भरा, पुढच्या तीन तासांचं खाणं खिशात घाला. रविवारी सासष्टीत बरीच दुकानं दिवसभर बंद असतात, तेव्हा शनिवारीच खरेदी करा. किनाऱ्याकडच्या पट्ट्यात ही अडचण नाही.

चोर्ल्याच्या घाटासाठी केरीला आणि अनमोडच्या घाटासाठी मोलेला बाटल्या काठोकाठ भरा. चढ सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं खा. चढावर श्वास इतका लागतो की घास गिळता येत नाही, आणि ट्रकच्या रांगेत एक हात सोडून पिशवी शोधणं धोक्याचं आहे. चढावर फक्त घोट, तेही सपाट वळण आलं की.

पेजेची वेळ म्हणजे सकाळचे अकरा. शेतात राबणारी माणसं पिढ्यान् पिढ्या त्या वेळेला उकड्या तांदळाची पेज, तोर किंवा सुकं मासं घेत आली. पाणी, पिष्ट आणि मीठ, अगदी घाम गळत असतानाच. पंचतारांकित प्रयोगशाळेत याहून वेगळं काय ठरवणार? राइडचा बेत अकराला एखाद्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी पोचेल असा आखता आला तर त्यांना आधी फोन करून पेज टाकायला सांगा. थोडी पातळ, वर मीठ, सोबत तोर. पोट गच्च होईपर्यंत नको, एक वाटगा पुरे.

ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांसाठी एवढंच: २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यात दुपारचं एक नीट जेवण बसवावंच लागतं. मी शीत-कडी अर्धी थाळी घेतो, भात जास्त, कडी कमी, तळलेलं मासं नाही. सोलकढी मिळाली तर एक वाटी, पण नारळाच्या दुधाची दुसरी वाटी पुढच्या चढावर वर येते.

आदल्या दिवसापासून सुरुवात

आदल्या रात्री वरण-भात, मूग गाठी, थोडं मासं. शाकुती दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. भात नेहमीपेक्षा एक मूद जास्त, बास. पोटाला तडस लागेपर्यंत खाऊन साठा वाढत नाही, झोप जाते. दारूचं स्पष्ट सांगतो: आदल्या संध्याकाळी नको. एप्रिलमध्ये हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) मोसम असतो, मित्र आग्रह करतात. दारू लघवीवाटे पाणी काढते आणि झोप मोडते. सकाळी निघण्याआधीच तुम्ही मागे असता. राइड संपल्यावरही घामाचं पाणी भरून निघेपर्यंत थांबा.

पहाटे पाचला निघायचं तर चारला उठून दोन उंडे, जॅम, एक केळं आणि अर्धा लिटर पाणी चिमूटभर मिठासह. तीन तास आधी जेवा वगैरे सल्ला पुस्तकात ठीक. रात्री दोनला उठून कोणी खात नाही. कमी खाल्लं म्हणून बिघडत नाही, पहिल्या तासापासून खायला सुरुवात केली की झालं. नवं काहीही राइडच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. आतड्यालाही सराव लागतो, आठवड्याच्या छोट्या राइडमध्ये तो द्या.

पावसाळ्यात वेगळा सापळा आहे. अंग भिजलेलं असतं, तहान लागत नाही, पण रेनकोटच्या आत घाम वाहतच असतो. गजर पाळा. रस्त्यावरचा चिखल थेट बाटलीच्या तोंडावर उडतो, त्यात गुरांचं शेण, उंदरांचं मूत सगळं असतं. आपल्याकडे पावसात लेप्टोचे (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण निघतात. झाकणावर टोपी असलेली बाटली घ्या, प्यायच्या आधी तोंड धुवा.

धोक्याची लक्षणं, सोबत्याने पाहायची

स्वतःचं स्वतःला कळत नाही, म्हणून ही सोबत्यासाठी. गोळे आले तर थांबा, पाय ताणा, खारट काही द्या. गोळ्यांचं सगळं खापर मिठावर फोडू नये, थकलेला स्नायू हे मोठं कारण असतं. वेग कमी करणं हाच खरा उपाय.

उष्माघात ओळखायची खूण म्हणजे वागणं बदलणं. माणूस असंबद्ध बोलतो, सरळ रेषेत चालवत नाही, अंग तापलेलं असतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. मेहनतीच्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, डोक्यावर, मानेवर, अंगावर मिळेल तेवढं पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. थंड करणं आधी, गाडीत घालणं नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

सोडियम उतरल्याची लक्षणं वरवर पाणी कमी पडल्यासारखीच: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. फरक ओळखायचा तो असा: बोटं सुजली आहेत, घड्याळाचा पट्टा रुतलाय, दिवसभर बाटल्यांमागून बाटल्या गेल्यात. अशा वेळी साधं पाणी लगेच बंद. खारट खायला द्या, राइड तिथेच संपवा. ओकाऱ्या थांबत नसतील किंवा बोलणं घसरत असेल तर तडक इस्पितळ. डॉक्टरांना "किती पाणी प्यायला" हे आवर्जून सांगा, नाहीतर ते उन्हाचं प्रकरण समजून वेगळ्या वाटेने जाऊ शकतात.

घरी आल्यावर

पहिलं काम वजन. जितके किलो घटले, त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या चार-पाच तासांत, एकदम नाही. जेवणात मीठ असतंच. तासाभरात भात आणि मासं, किंवा भात आणि उसळ. वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर पिष्ट. बांगड्याची कडी आणि उकडा भात यावर मला अजून दुसरं काही सुचलेलं नाही. शाकाहारी घरात मूग गाठी किंवा चण्याचं तोणाक.

मग वहीत चार ओळी: तारीख, निघायची वेळ, आधी-नंतरचं वजन, काय खाल्लं, कुठे त्रास झाला. पाच-सहा राइडनंतर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

आणि बाटल्या त्याच रात्री धुवा. साखर, लिंबू आणि आपली दमट हवा, एका रात्रीत तोंडाच्या रबराखाली काळी बुरशी धरते, बाहेरून दिसतही नाही. रबर काढा, गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा आणि झाकण न लावता उलट्या वाळत घाला.